त्यातलंच, पण जरा वेगळं दाखवा ना!

मागच्या अंकात सहज म्हटलं होतं की खरेदीच्या भानगडी कळवा, तर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की हे सदर दोन वर्ष चालेल. गिऱ्हाईकांची दुकानदारांविरुद्ध, दुकानदारांची गिऱ्हाईकांविरुद्ध आणि नवऱ्यांची सगळ्यांविरुद्ध. माझ्या वडिलांचं तालुक्याच्या गावी कापडाचं दुकान होतं, शाळा सुटली की दप्तर गल्ल्यामागे टाकून मी गादीवर जाऊन बसायचे, त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं मी समजते. नसला तरी सदर माझं आहे, चला सुरू करू.

प्रश्न : बायको, सासूबाई आणि मेव्हणी अशा तिघींबरोबर दादरला साडी घ्यायला गेलो. सव्वाअकराला आत शिरलो ते पावणेतीनला बाहेर. मी बसल्या बसल्या मोजल्या, ६३ साड्या उलगडल्या. घेतल्या किती? शून्य. वर निघताना सासूबाई त्या माणसाला म्हणतात, "एक चक्कर मारून येतो हं." मला त्याच्याकडे बघवेना. मी काय करायला हवं होतं? (गादीवर बसून पायाला मुंग्या आलेला एक जावई, डोंबिवली)

उत्तर : जावईबापू, तुम्ही काहीही करायचं नव्हतं. तुमचं काम पिशव्या धरायचं आणि विचारलं की "छान आहे" म्हणायचं. तेही लगेच नाही म्हणायचं, तीन-चार सेकंद नीट बघून मग म्हणायचं, नाहीतर "तुम्ही बघितलंच नाही, उगाच म्हणताय" हे ऐकावं लागतं.

आणि त्या माणसाची फार दया करू नका हो. गादीवरच्या माणसाला सगळं कळत असतं. आमच्याकडे बाई आत आली की वडील आधी तिच्या पायातल्या चपला बघायचे, मग अंगावरची साडी, आणि मग विचारायचे "कार्य घरचंय की आहेर करायचाय?" या एका प्रश्नात बजेट कळायचं. मग पहिल्या पाच साड्या दाखवायच्या त्या मुद्दाम जरा महागाच्या, म्हणजे नंतरच्या स्वस्त वाटतात. घड्या मोडल्या म्हणून कुठलाच दुकानदार रडत नाही, उलट जितक्या घड्या मोडाल तितकं तुम्हालाच ओशाळं वाटतं आणि शेवटी काहीतरी घेऊन उठता. तुमच्या सासूबाई ६३ घड्या मोडूनही हात हलवत बाहेर आल्या, याला मी तरी मानते.

"एक चक्कर मारून येतो" म्हणणारं गिऱ्हाईक गेलं की आमच्याकडचा पोऱ्या भराभर घड्या घालायला घ्यायचा, तर वडील त्यातली एक साडी ओढून बाजूला ठेवायचे, "ही राहू दे." ती कुठली तर जी बाईनं हातात घेतली, नको म्हणून खाली ठेवली, आणि उठताना परत एकदा तिच्याकडे बघितलं. बाई परत आली तर हीच मागणार हे ठरलेलं. आणि यायच्याही हो, बाजारात फिरून पाय दुखले की पाच वाजता यायच्या, आणि ती साडी समोरच तयार बघून त्यांना वाटायचं नशिबातच होती.

आता उजेडाचं. बायका साडी घेऊन दुकानाबाहेर रस्त्यावर जातात, मागून सेल्समन टोक धरून धावतो, तुम्हाला लाज वाटते. पण यात त्या शंभर टक्के बरोबर आहेत. ट्यूबखाली जो मोरपंखी दिसतो तो उन्हात रामा कलर निघतो, आणि मग ब्लाऊजपीस मॅच होत नाही म्हणून पुढचे तीन शनिवार जातात. गाडी चुकते ती पुढे, व्हिडिओ कॉल सुरू झाला की. न्यू जर्सीतली नणंद रात्री दोन वाजता डोळे चोळत उठणार, तिच्या फोनच्या स्क्रीनवर जांभळा किरमिजी दिसणार, आणि ती तिथून म्हणणार "वैनी, हा रंग तुला उठत नाही." म्हणजे एवढं उन्हात जाऊन रंग बघितला आणि निर्णय मात्र स्क्रीनवर सोपवला, वर वायफायला रेंज नाही म्हणून दुकानदाराचा पासवर्ड मागितला.

आणि सगळ्यात गंमत म्हणजे पैठणी घेताना रंग बघतील, काठ बघतील, मोर डावीकडे बघतोय का उजवीकडे ते बघतील, पण पदर उलटा करून बघणार नाहीत. अहो तिथेच तर सगळं आहे. हातमागाची पैठणी असली की पदराची नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते, कारण रंगीत रेशमाचा एकेक धागा हाताने गुंफत मोर-पोपट विणलेले असतात. मागे सुटे दोरे लोंबताहेत किंवा कापल्याची कुसळं दिसताहेत तर ती यंत्रमागाची समजा. यंत्रमागाची घेऊ नये असं नाही, छान दिसते, पण मग पैसेही त्याच हिशेबाने द्यावेत. पैठणला नाहीतर येवल्याला कधी मागावर काम चाललेलं बघून या, पदराला किती वेळ लागतो ते बघितलं की घासाघीस करायला जीभ उचलत नाही. माझी नाही उचलली. (आईची उचलली, पण तो वेगळा विषय.)

प्रश्न : दहा रुपयाच्या भाजीवर कोथिंबीर फुकट मागणं चूक आहे का? मुलगी म्हणते "आई, लाज आण." (एक गृहिणी, सातारा)

उत्तर : अजिबात चूक नाही, कोथिंबीर आणि चार मिरच्या हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे. मुलीला फक्त एवढं विचारा की ती ॲपवरून भाजी मागवते तेव्हा कोथिंबिरीची तीच काडी किती रुपयाला पडते, शिवाय हाताळणीचे वेगळे, पोचवायचे वेगळे, आणि पाऊस आला की पावसाचे वेगळे. भाजीवाल्या मावशी भर पावसात बसतात, त्यांनी कधी पावसाचे पैसे लावलेत का?

पण तुम्हालाही एक विचारते. मेथीच्या जुडीतली चार पिवळी पानं दिसतात ना बरोब्बर? मग सराफाकडे गेल्यावर बिलावर घडणावळ किती टक्के धरली ते कधी बघितलंय? तिथे आपण चहा घेतो, थंड घेतो, "तुमच्यावर विश्वास आहे हो" म्हणतो आणि उठतो. दागिन्यावर बारीक अक्षरात सहा आकडे-अक्षरांचा एचयूआयडी नंबर असतो, १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने विकायचे तर तो हवाच, आणि बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, केअर ॲपमध्ये टाकला की खरा का खोटा तिथल्या तिथे कळतं. एक मिनिटाचं काम. मेथी निवडायला त्याहून जास्त वेळ जातो.

प्रश्न : मी आंबे वास घेऊन, दाबून, देठ बघून घेते. आंबेवाला दर वर्षी म्हणतो "काकू, आंबा आहे, जावई नाही." मी चिकट आहे का? (कोथरूडच्या काकू)

उत्तर : काकू, वास घ्या, देठाजवळ नाक न्या, रंग बघा, हे सगळं करा. दाबू मात्र नका, तुमच्याआधी सतरा जणींनी दाबलेला असतो, आणि घरी नेल्यावर जिथे तुमचा अंगठा बसला बरोबर तिथे काळा डाग येतो आणि मग तुम्हीच म्हणता आंबा डागी दिला.

हापूसचं दुखणं असं आहे की वरून कितीही देखणा असू दे, वास घमघमू दे, आत साका निघायचा तो निघतोच. गरात तो पांढरट स्पंजासारखा भाग असतो ना, तो बाहेरून भल्याभल्यांना ओळखता येत नाही, बागायतदारालाही नाही. म्हणजे आपण पाऊण तास जी परीक्षा घेतो त्यात खरा प्रश्न येतच नाही. लग्नाआधी मुलगा बघायला जाण्यासारखंच आहे, म्हणजे तुमच्या आंबेवाल्याची उपमा तशी बरोबरच आहे म्हणायची.

खरी चौकशी करायची ती पेटीची. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांचा म्हणून, तरी एप्रिलमध्ये रस्त्यात उभे राहिलात तर सगळ्या महाराष्ट्रातला प्रत्येक आंबा देवगडचाच असतो. एकाला विचारलं "देवगडमध्ये कुठला?" तर तो बिनदिक्कत म्हणाला "मेन देवगड." पुठ्ठ्यावर छापलेलं वाचायचं आणि आतला पेपर कानडी निघाला की समजून जायचं. कर्नाटकचा आंबा वाईट नसतो हां, आमरसाला मस्त लागतो, राग खोट्या नावाचा आहे. आणि पेटीतला वरचा थर सोडा, खालचा बघा. वरचे बारा तर कुणीही चांगलेच लावेल.

कलिंगडाबद्दलही तीन पत्रं आलीत, टिचकी मारून काय ऐकायचं म्हणून. खरं सांगू, मी पण मारते आणि मान डोलावते, काय ऐकते ते देव जाणे. त्यापेक्षा कलिंगड उलटं करून बघा, जिथे जमिनीवर टेकलेलं असतं तिथला डाग चांगला पिवळा झालाय म्हणजे वेलावर पिकलंय, पांढरट असेल तर घाईत तोडलंय.

प्रश्न : मी कपड्यांच्या शोरूममध्ये कामाला आहे, रोज दहा तास उभी असते. काही लोक ड्रेस नेतात, लग्नात घालतात, टॅग आत खोचून ठेवतात आणि सोमवारी "साईज बसत नाही" म्हणून परत आणतात. परवा एका ड्रेसच्या खिशात अक्षता निघाल्या. मॅनेजर म्हणतो वाद घालायचा नाही. मी हसू का रडू? (एक नोकरदार मुलगी, सांगली)

उत्तर : अगं पोरी, खिशात अक्षता! मी वाचून अर्धा तास हसले आणि मग तुझे दहा तास उभं राहणं आठवून गप्प बसले.

बऱ्याच जणांना वाटतं गिऱ्हाईक म्हणजे राजा आणि माल परत घ्यायचा म्हणजे घ्यायचाच. तसं नाहीये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ म्हणतो की सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत आणि नसेल तर ३० दिवसांत. म्हणजे शिवण उसवली, चेन चालत नाही, कापड फाटकं निघालं, तर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी कितीही मोठ्या अक्षरात लावा, ती चालत नाही. पण ड्रेस धडधाकट आहे आणि हिचं लग्नात मिरवून झालंय, याला सदोष माल म्हणत नाहीत, इथे दोष मालात नाही. तुमचं शोरूम स्वतःच्या मर्जीने बदलून देतं ती त्यांची पॉलिसी.

वाद नको घालूस, मॅनेजरचं ऐक. पुढच्या वेळी खिसा उलटा करून अक्षता काउंटरवर ठेव, आणि अगदी गोड आवाजात म्हण "ताई, हे तुमचं राहिलं होतं." त्यापुढे एक शब्द नाही बोलायचा.

प्रश्न : मी पेन्शनर माणूस. २० रुपयाचं पेन घ्यायला गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला "सर, मोबाईल नंबर." मी म्हटलं कशाला, तर म्हणे सिस्टीम पुढे जात नाही. पेनला माझ्याशी काय बोलायचंय? (निवृत्त, नाशिक)

उत्तर : काका, पेन एक शब्द बोलणार नाही, पण दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत दुकानाचे सगळे आवराआवरीचे सेल तुम्हाला येऊन बोलणार. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलंय की नंबर दिला नाही म्हणून माल किंवा बिल अडवायचं नाही. तेव्हा ठामपणे "नंबर देणार नाही, बिल करा" म्हणा, मागे रांग कितीही वाढू दे. आणि फारच झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिच्यावर फोन करा. आमच्या एका शेजाऱ्यांनी दुसराच मार्ग काढलाय, ते सगळीकडे मेव्हण्याचा नंबर देतात. मेव्हण्याला वाढदिवसाचे इतके मेसेज येतात की त्याला स्वतःचीच तारीख आठवेना, पण पॉइंट जमलेत बऱ्यापैकी.

प्रश्न : घरी सांगितलं की चप्पल ३०० ची घेतली. पण पैसे देताना सौ. शेजारच्या दुकानात बांगड्या बघत होती आणि चपलवाल्याचा तो यूपीआयचा डबा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलला, "एक हजार दोनशे रुपये प्राप्त झाले." घरात तीन दिवस शांतता आहे. (नाव छापू नका, सोलापूर)

उत्तर : नाव छापत नाही, पण डब्याने आधीच सांगितलंय त्याला मी काय करू.

काय काळ आलाय बघा. आमच्या दुकानात प्रत्येक साडीच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत लिहिलेली असायची पण आकड्यात नाही, अक्षरात. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द घरात ठरलेला, त्यातलं पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन असं. गिऱ्हाईकाच्या नाकासमोर चिठ्ठी असली तरी त्याला कळायचं नाही, आणि पोऱ्या जुना झाल्याशिवाय त्यालाही सांगायचे नाहीत. मलाच तो शब्द आठवीत गेल्यावर कळला, जणू काही मुंजच झाली. एवढी गुप्तता! आणि २०१६ ला यूपीआय आलं, मग हे डबे आले, आता भेळवाल्याची दिवसाची कमाई रांगेतल्या पोरांना तोंडपाठ असते.

तुमच्यासाठी उपाय एकच, रोख ठेवत जा. किंवा खरं सांगत जा, पण मग या वयात सवय लागायला वेळ लागेल.

प्रश्न : दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या ॲपवर मी फक्त दही मागवायला जातो आणि येताना सहाशे रुपयांचं सामान येतं. मी मूर्ख आहे की ते हुशार? (आयटीवाला, हिंजवडी)

उत्तर : दोन्ही, पण थोडे ते जास्त. दही ३५ चं, पोचवायचे २५ म्हटल्यावर तुम्हाला राग येतो. मग ॲप म्हणतं अजून १६४ चं घ्या, पोचवणं फुकट. की तुम्ही २५ वाचवायला १६४ चे रवा, बिस्किटं आणि कधीच न लागणारा तो चीज स्प्रेड घेता. आणि सोसायटीच्या गेटबाहेर डेअरी आहे, जिथे दही ३५ लाच मिळतं आणि डेअरीवाला "मुलगा कितवीत गेला" हेही विचारतो, फुकट.

पण सगळाच दोष तुमचा नाही. काही ॲपवाले टोपलीत गुपचूप काहीतरी टाकतात, विमा, देणगी, नाहीतर कसलंसं सदस्यत्व, आणि आधीच टिक मारून ठेवतात. आधी एक किंमत दाखवून शेवटच्या पानावर थेंब थेंब वाढवत नेतात. "फक्त दोन शिल्लक" असं गेले सहा महिने म्हणतात. आणि नको म्हणायचं बटण असं असतं, "नको, मला पैसे वाचवायला आवडत नाही." अरे! आमच्या वडिलांनी एवढ्या साड्या विकल्या पण गिऱ्हाईकाला जाताना टोमणा नाही मारला. या असल्या १३ युक्त्यांची यादी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला त्यांना मनाई केली आहे, तरी पैसे भरायच्या आधी शेवटचं पान वरून खालपर्यंत वाचा, मेथीची जुडी बघता तसं. आधीच मारलेली टिक दिसली की काढा.

आणि हो, दही जरा लवकर विरजायला लावा ना घरी. रात्री दूध कोमट करायचं, चमचाभर विरजण, झालं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकता तेवढ्यात दोनदा लागेल.

प्रश्न : दुसऱ्यांना एवढं सांगता, तुम्ही स्वतः दुकानात कशा वागता? (एक चौकस वाचक, ठाणे)

उत्तर : हा प्रश्न फेकूनच देणार होते पण असो.

गेल्या महिन्यात नारळ घ्यायला गेले. पहिला उचलला, कानाशी हलवला, पाण्याचा आवाज आला, ठेवला. दुसरा हलवला, आवाज जरा कमी वाटला. तिसऱ्याची शेंडी आवडली नाही. असे अकरा नारळ कानाला लावून झाले, नारळवाला शांतपणे तंबाखू मळत बसलेला, मागे एक आजोबा उभे, ते शेवटी म्हणाले "बाई, कुणाचा फोन आलाय का?" मग मी अकराही नारळ परत एका ओळीत लावले, विचार केला, आणि पहिलाच घेतला. वर पाच रुपये कमी करून घेतले, ते वेगळं.

घरी आणून फोडला तर नासका. आतून पिवळा आणि वास असा की मांजर उठून गेलं. तशीच अर्धी वाटी पिशवीत घालून परत गेले, त्याच्या समोर ठेवली. त्याने बघितलं, वास घेतला आणि अजिबात न डगमगता म्हणाला, "ताई, नासका निघाला म्हणजे शुभ असतं, देवाला पोचला."

मी म्हटलं, "अरे मला देवाला नव्हता वाहायचा, सोलकढी करायची होती."

तर म्हणतो, "मग सोलकढी पोचली."